गेलेल्यांचं पान

आजीच्या पानाशी ठेवायचा चहा दुधाचा असावा की कोरा, यावर आमच्या पुण्याच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी संपली तरी बोलणं चाललं होतं. मेलेल्या माणसासाठी आपण जे वाढतो ते त्याच्या आवडीप्रमाणे वाढायचं की आपल्या मनाला पटेल तसं, आणि त्या पानातलं काही बदलायचं झालं तर तो हक्क कुणाचा, हे सगळं त्या एका कपावर येऊन ठेपलं होतं. तेव्हापासून हा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी साखऱ्याची. हिंगोली जिल्हा, सेनगाव तालुका. काळी माती, सोयाबीन, तूर आणि हळद. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर तपासण्याची. आमच्या कामातली निम्मी माणसं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात बसतात. आमची संध्याकाळ झाली की त्यांची सकाळ होते आणि मग कामाची देवाणघेवाण सुरू होते. दिवाळीत त्यांनी तिकडे पणत्या लावून आम्हाला फोटो पाठवले, तेव्हा आपणही त्यांचा एखादा सण करावा असं ठरलं. दिवस ठरला 31 ऑक्टोबर 2025, शुक्रवार. पहिल्या बैठकीत मोठ्या काठाच्या टोप्या, चिकटवायच्या मिशा आणि पुठ्ठ्याचे निवडुंग निघाले. मी म्हटलं, पुढचे दोन दिवस त्यांच्याकडे वर्षातले फार मोठे दिवस आहेत. करायचा तर तोच सण करू आणि नीट करू.

मेक्सिकोत 1 नोव्हेंबर हा गेलेल्या लेकरांचा आणि 2 नोव्हेंबर हा मोठ्या माणसांचा दिवस. घरात पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडतात. वरच्या पायरीवर फोटो. खाली पाणी, मीठ, मेणबत्त्या, त्याच दिवसांत भाजला जाणारा गोड पाव, कोपाल नावाच्या राळेची धुरी आणि ज्याचं त्याला आवडायचं ते खाणं. थेट रस्त्यापासून आरासीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे त्या रंगावरून आणि वासावरून येणाऱ्यांना घर सापडतं. युनेस्कोने 2008 साली ही प्रथा आपल्या वारशाच्या यादीत घेतली.

या सणाची एक अलीकडची गोष्ट मला विचार करायला लावते. 2015 साली जेम्स बाँडचा 'स्पेक्टर' हा चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीला मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून सांगाड्यांची मोठी मिरवणूक जाते. तशी मिरवणूक त्या शहरात तोवर निघत नव्हती, ती चित्रपटासाठी रचलेली होती. पुढच्याच वर्षी, 2016 मध्ये, शहराने ती खरोखर काढली आणि तेव्हापासून ती तिथल्या सणाचा भाग झाली. काहींना हा बाजार वाटतो. मला तसं वाटत नाही, कारण त्या मिरवणुकीत चालणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी गेलेलं आहे आणि ते दुःख कुठल्या दिग्दर्शकाने रचलेलं नाही. विधी कुठून आला याला मी फार महत्त्व देत नाही. तो करणाऱ्याने त्यात स्वतःचं माणूस आणलं का, एवढं पाहते. म्हणून मी एक अट घातली: नुसत्या कागदी कवट्या लावायच्या नाहीत, ज्याला यायचं त्याने आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन यायचं.

यावर काही जण बिचकले. दिवाळी नुकतीच झालेली, ऑफिसात मेलेल्यांचे फोटो कशाला, अशुभ वाटतं. त्यांची भीती मी समजू शकते. आपल्याकडे मेलेल्यांसाठी भाद्रपदातला वद्य पक्ष राखून ठेवलेला आहे आणि बाकीचं वर्ष त्यांना भिंतीवर, हार घालून, थोडं उंचावर ठेवतो. पण त्या पंधरवड्यात साखऱ्यात जे चालतं ते भीतीचं मुळीच नसतं. घरोघर ज्याच्या त्याच्या तिथीला पित्र जेवू घालतात. खीर, कढी, वडे, भजी, गवार, कारलं, अळूची भाजी. पान माळवदावर नेऊन ठेवतात आणि खाली उभं राहून कावळ्याची वाट पाहतात. त्या वेळी घरात बोलणं चालतं ते असं, की आबांना कढी आंबट लागायची, मोठ्या काकूंना भज्याचा कोपरा करपलेला आवडायचा. वर्षभर न निघणारी नावं त्या तासाभरात निघतात.

दहाव्याला तर मी याहून उघड पाहिलं आहे. आजोबांच्या वेळी ओढ्याच्या काठी पिंड मांडले आणि कावळा शिवेना. झाडावर बसले होते, खाली येत नव्हते. कुणी सांगितलं, तंबाखू ठेवा. ठेवली. कुणी म्हणालं, चहा ठेवा. ठेवला. ऊन चढलं. शेवटी धाकटे चुलते पुढे झाले, पिंडासमोर उकिडवे बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आबा, बैल विकत नाही. दावणीलाच म्हातारा होईल." थोड्या वेळाने कावळा आला. कावळा कशाने आला, याचा निवाडा मी करत नाही. चुलत्यांनी बैल विकला नाही, हे मात्र मी पुढे कित्येक वर्षं पाहिलं. मेलेल्याला काय हवं होतं हे जिवंतांनी स्वतःशी कबूल करावं, यासाठी त्या ओढ्याकाठी सगळे थांबलेले होते.

ऑफिसातली कुरबुर मात्र माझ्या बोलण्याने मिटली नाही. ती मिटली वसईच्या एका सहकाऱ्यामुळे. तो ख्रिस्ती आहे. तो म्हणाला, 2 नोव्हेंबरला आमच्याकडे सगळं घर दफनभूमीत जातं, कबरी धुतो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो, लहान मुलं तिथेच खेळतात. त्याला या सणात नवं काहीच दिसत नव्हतं. मग बाकीचेही फोटो शोधायला लागले.

फोटो शोधणं सगळ्यांना सारखं सोपं नव्हतं. काहींच्या घरी आजोबांचा कोट घातलेला, स्टुडिओत काढलेला फोटो होता. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा. केंद्रात खुर्चीवर बसवून काढलेला. पदर डोक्यावर, डोळे कॅमेऱ्याच्या उजेडाने दिपलेले, ओठ घट्ट. तो मोठा करून छापला तेव्हा चेहऱ्यावर बारीक चौकोन उमटले. तरी कपाळावरचं गोंदण ओळखू येत होतं. आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशींनी नवऱ्याचा फोटो आणला तोही सरकारी कार्डावरचाच होता. आयुष्यभर शेतात आणि दुसऱ्यांच्या घरात राबलेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवलं ते कुठल्या तरी कामाच्या कागदासाठी. ते फोटो त्या दिवशी कोटवाल्यांच्या ओळीत, त्याच पायरीवर ठेवले.

आरास हाताने करायची असं आधीच ठरलं होतं. मेक्सिकोत पातळ रंगीत कागदाच्या थप्प्या छिन्नीने कोरून जाळीदार पताका करतात. प्वेब्ला राज्यातलं सान साल्वादोर विश्कोलोत्ला हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. आम्हाला छिन्नीचं काम जमण्यासारखं नव्हतं. पण पतंगाच्या कागदाची चौघडी घालून कात्रीने जाळी कापणं मला गावाकडून येत होतं. लग्नाच्या मांडवासाठी आमच्या घरचे बापू रात्री पताका करायला बसायचे. सुतळीवर कागदाची कड दुमडायची आणि खळ लावून दाबायची. ती खळ आई चुलीवर शिजवायची: पाण्यात कालवलेलं पीठ, सारखं ढवळत राहायचं, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. ऑफिसात मी तीच केली. आमच्यातली एक मुलगी व्हीगन आहे. दूध, तूप, मध, काहीच घेत नाही. तिने बाजारातल्या डिंकाची बाटली उलटी करून त्यावरचं बारीक वाचलं होतं, कारण सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. पिठाची खळ पाहून तिने बाटली बाजूला ठेवली आणि माझ्या शेजारी बसून पताका चिकटवायला लागली. झेंडू गुलटेकडीच्या बाजारातून आणला.

झेंडूचं मूळ मेक्सिकोचं. दसऱ्याला ज्याच्याशिवाय आपलं तोरण होत नाही, गाडीला आणि अवजारांना ज्याचा हार लागतो, ते फूल पोर्तुगीजांच्या काळात समुद्रावरून आलं. जेवणाचा बेत ठरवताना अशी आणखी नावं निघत गेली. मका, राजमा, मिरची, टोमॅटो, लाल भोपळा, पेरू, चिकू. गहू आपलाच म्हणावा, तर 1966 साली आपण मेक्सिकोतून 18,000 टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं आणि आजच्या कितीतरी वाणांचं रक्त तिथलं आहे.

पण मला खरं थांबवलं ते राजगिऱ्याने. आम्ही एकादशीला जो राजगिरा खातो तो मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत ॲझ्टेक लोक भाजलेल्या राजगिऱ्याच्या पिठात गोड रस मळून देवाची मूर्ती घडवायचे, तिची पूजा करायचे आणि मग ती मोडून सगळ्यांना वाटायचे. स्पॅनिश धर्मोपदेशकांना हा प्रकार त्यांच्या स्वतःच्या चर्चमधल्या पावाच्या प्रसादासारखा दिसला आणि म्हणूनच फार खटकला. राजगिऱ्याची लागवड मागे पडण्यात त्या रोषाचा वाटा होता. तरी तो मेला नाही. मेक्सिकोतल्या रस्त्यांवर आजही राजगिऱ्याच्या लाह्यांची, मधात किंवा गुळात बांधलेली वडी विकतात. ती हुबेहूब आपल्या उपवासाच्या चिक्कीसारखी असते. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, राजगिरा: फराळाचं ताट असं एकेक करून रिकामं केलं तर वरई, शिंगाड्यासारख्या थोड्याच गोष्टी मागे उरतात.

नामदेव महाराजांचा जन्म शके 1192 मधल्या, म्हणजे इसवी सन 1270 च्या, कार्तिक शुद्ध एकादशीचा. जन्मस्थान म्हणून आमच्याच जिल्ह्यातलं नरसी मानलं जातं. त्यांच्या काळी कोलंबस जन्मायचा होता. त्यांच्या पानात साबुदाणा नव्हता, मिरची नव्हती, आणि त्यांची एकादशी उणी नव्हती. उपवासाला काय चालतं आणि काय चालत नाही यावर घरोघर सुनांना बोलणी खावी लागतात, तेव्हा मला हे मोठ्याने सांगावंसं वाटतं. देवापुढचं ताट अनेकदा बदललेलं आहे. ते बदलताना धर्म बुडाला नाही.

जेवण पूर्ण व्हीगन ठेवण्यामागे त्या मुलीचा आग्रह नव्हता. सगळ्यांना एका पंगतीला बसता यावं, हे कारण होतं. आमच्यात जैन आहेत, हलाल पाहणारे मुसलमान आहेत, मांस खाणारे पण शुक्रवार पाळणारे आहेत. प्रत्येकासाठी वेगळा डबा आला की माणसं डब्याप्रमाणे वेगळी बसतात, हे ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज दिसतं. सोवळ्याने आपल्याकडे पंगती तोडल्या आहेत; त्या दिवशी खाण्यावरचा निर्बंध पंगत जोडण्यासाठी वापरता आला. मक्याच्या पातळ भाकरी, राजमा, भाजलेल्या टोमॅटो-मिरचीची चटणी, ॲव्होकाडो कुस्करून लिंबू-मीठ घातलेलं, गुळातल्या राजगिऱ्याच्या वड्या. जैनांसाठी कांदा-लसूण वेगळा काढला. मेक्सिकोतल्या गोड पावात लोणी आणि अंडी असतात. आम्ही नारळाचं दूध आणि तेल घातलं. मक्याची भाकरी थापताना तुटायची. मावशींनी पीठ गरम पाण्यात भिजवून, तळहाताच्या उशीने रेटून मळलं आणि मग एकही तुटली नाही.

इथवर वाद नव्हता. तो निघाला आरासीच्या पानावरून. पंगत व्हीगन आहे हे सगळ्यांनी मान्य केलं, पण फोटोंपुढे काय ठेवायचं? माझ्या आजीला चहा लागायचा, म्हशीच्या दुधाचा, लालसर होईपर्यंत उकळलेला, बशीत ओतून. मी तसा आणायचं म्हटलं. व्हीगन मुलीने शांतपणे विचारलं, "आजी पिणार नाहीये. म्हैस मात्र खरी आहे आणि तिचं रेडकूही खरं आहे. मग हा चहा नक्की कोणाच्या खर्चाने?"

गावात वाढलेल्या माणसाला या प्रश्नावर हसता येत नाही. म्हशीला रेडा झाला की त्याचं पुढे काय होतं, त्याच्या वाट्याला किती दूध येतं, हे मी लहानपणापासून गोठ्यात पाहिलेलं आहे. 'व्हीगन' ही चळवळ 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केली. 1994 पासून 1 नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन पाळतात, म्हणजे मेक्सिकोतल्या लेकरांच्या दिवशीच. पण ती मुलगी ज्या दुःखाकडे बोट दाखवत होती ते मला इंग्लंडातून कळायची गरज नव्हती.

माझ्या बाजूलाही नामदेवच होते. लहानग्या नामदेवाने विठ्ठलापुढे नैवेद्य ठेवला आणि देव जेवेना म्हणून हट्ट धरला, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पंजाबात ती दुधाच्या कटोऱ्याची गोष्ट म्हणून सांगतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, त्यांत हा प्रसंग येतो. पोराने आणलेलं दूध देव प्याला. त्या कटोऱ्यात प्रेम होतं, हे कोण नाकारील? मग आजीपुढच्या बशीत ते नाही असं मी कसं म्हणू?

एका सहकाऱ्याने चार्वाकांचा जुना आक्षेप काढला. इथे वाढलेलं अन्न परलोकातल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यावी, घरीच वाढलं की त्याचं पोट भरेल. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त हा युक्तिवाद नोंदवलेला आहे आणि माझ्या मते त्याला अन्नापुरतं उत्तर नाही. अन्न पोचत नाही. पण श्राद्धात अन्नाआधी नावं घेतात: बाप, आजा, पणजा, आई, आजी, पणजी. पुढे, ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यासाठीही पाणी सोडतात. कुणाचं तरी नाव तोंडाने उच्चारायचं आणि त्याच्यासाठी हाताने काही तरी करायचं, या दोन गोष्टी चार्वाकांच्या आक्षेपानंतरही शिल्लक राहतात. आणि त्या जर देणाऱ्याच्या गोष्टी असतील, तर काय द्यायचं हेही देणाऱ्याने विचार करून ठरवायला हवं. मेलेल्याच्या आवडीकडे बोट दाखवून मला माझ्या हातून सुटता येत नाही.

आपल्या परंपरेने हा विचार केलेला आहे, आणि फार जुन्या काळी केलेला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या प्राण्याच्या मांसाने पितर किती महिने तृप्त राहतात याची यादीच आहे. पुढे भागवताच्या सातव्या स्कंधात श्राद्धात मांस देऊ नये, खाऊ नये, मुनींच्या साध्या अन्नाने पितर अधिक संतुष्ट होतात, असं सांगितलं. नंतरच्या धर्मग्रंथांनी श्राद्धातलं मांस कलिवर्ज्यांत घातलं, म्हणजे या युगात करू नये अशा गोष्टींत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सगळा बदल पायरीपायरीने दाखवलेला आहे. पितरांना विचारून हा बदल झाला नव्हता. जिवंत माणसांच्या मनात कणव आली, आणि त्यांनी पान बदलून पितर तृप्त होतील असा विश्वास धरला.

आमच्या मराठवाड्यातलीच दुसरी गोष्ट पैठणची. एकनाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, वासाने रस्त्यावरच्या भुकेल्या महार कुटुंबाची पावलं थांबली, आणि नाथांनी पितरांसाठी रांधलेलं अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मण रुसून जेवायला आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, असं सांगतात. इथे पदार्थ बदलला नाही, जेवणारा बदलला. माझ्या दृष्टीने हा बदल पहिल्याहून मोठा आहे.

मी आईला साखऱ्याला फोन लावला. वाद सांगितला. ती म्हणाली, "दूध होतं तवा तिनं कवाच कोरा पेला नाही. नव्हतं तवा गुळाचा कोरा पेली, अन् कुणाला कळू दिलं नाही. तुझ्या मनाला येईल तसा ठिव. पण कपबशी ठिव माय, कागदाचा पेला नको. बशीबिगर तिला पेल्यासारखं वाटत नव्हतं."

मी गुळाचा कोरा चहा ठेवला, बशीत ओतून. त्या मुलीचा प्रश्न मला खरा वाटला आणि त्याच्याकडे पाठ करून आजीपुढे उभं राहावंसं वाटलं नाही. पण हे मी माझ्या आजीपुरतं ठरवलं. आई गावाकडे पित्राला दुधाचाच चहा ठेवते, तिच्याशी मी वाद घालणार नाही. पंगतीचा नियम सगळ्यांनी मिळून केलेला होता. आरासीतल्या पानाचा नियम ऑफिसने करू नये, ज्याचं माणूस त्याने करावा, असं मी सांगितलं आणि ते मान्य झालं. सुरक्षारक्षक काकांनी वडिलांपुढे विडीचं बंडल ठेवलं. एका मुसलमान सहकाऱ्याला फोटो ठेवायचा नव्हता. त्याने आजोबांचं नाव उर्दूत कागदावर लिहिलं आणि शेजारी खजूर ठेवले. मावशींनी नवऱ्यापुढे उकडलेलं अंडं ठेवलं. व्हीगन मुलीने ते पाहिलं आणि काही बोलली नाही. नंतर मला म्हणाली, "त्यांच्या नवऱ्याचं पान आहे." दया शिकवता येते, पण दुसऱ्याच्या मृताच्या पानातून वस्तू उचलून ती शिकवू नये, असं मला वाटतं. मनूची यादी मागे पडली ती कुणी शेजाऱ्याच्या घरात शिरून मागे पाडली असती, तर कलह तेवढा उरला असता.

संध्याकाळी पडद्यावर ग्वादालाहाराची मंडळी आली. त्यांच्यातल्या एकाने आईच्या घरची आरास दाखवली. त्यात मोले नावाच्या रश्शातली कोंबडी होती, बाटलीबंद सरबत होतं, आजोबांची मद्याची लहानशी बाटली होती. आमची आरास त्याने जवळून दाखवायला सांगितली. कागदाच्या पताकांबद्दल तो चांगलं बोलला, पण थांबला तो फोटोंपाशी. हे कोण, हे कोण, असं एकेक विचारत गेला. प्रत्येकाने आपापल्या माणसाबद्दल दोन वाक्यं सांगितली. मावशींनी मराठीत सांगितलं, मी त्याला इंग्रजीत सांगितलं. जेवणाला त्या आमच्या मधोमध बसल्या. वाढायला त्या दिवशी आमचे मॅनेजर होते.

एक फोटो आमच्यापैकी कुणाच्याच घरचा नव्हता. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांनी परतीची वाट बंद केल्यावर ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं आणि शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने 1928 च्या सुमारास मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक चित्र काढलं आहे. मेजाभोवती निरनिराळे लोक बसलेत आणि मधला माणूस भाकर मोडतो आहे. तो माणूस म्हणजे खानखोजे, असं सांगितलं जातं. अनेक दशकं परमुलखात काढून ते परतले आणि 1967 साली नागपूरला वारले. 2022 मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. ग्वादालाहाराच्या मंडळींना हे नाव ठाऊक नव्हतं, आमच्यातल्या बहुतेकांनाही नव्हतं. त्यांच्यापुढे मावशींनी थापलेली मक्याची भाकरी ठेवली.

त्या वर्षी 2 नोव्हेंबरलाच कार्तिकी एकादशी आली होती, म्हणजे नामदेवांची जयंतीही. शनिवारी सकाळी मी गाडी धरून गावी गेले. आईला आरासीचे फोटो दाखवले. आजीचा फोटो पाहून झाल्यावर ती म्हणाली, आता हिच्या सासूचं नाव घाल पुढच्या वेळी. मी विचारलं, काय नाव होतं? आईला सांगता येईना. चुलत्यांनाही येईना. सगळे तिला धोंडूची माय म्हणायचे आणि तिचं माहेर जिंतूरकडचं होतं, एवढं निघालं. पणज्याचं नाव खासरा पत्रकात आहे, सातबाऱ्यावर होतं. तिचं कुठेच नाही. गावात आमच्या भावकीतली एक म्हातारी आहे, तिला ऐकू कमी येतं पण जुनं आठवतं. तिच्या लेकाने सांगितलं आहे की सकाळी नऊच्या आत या, तेव्हा ती चांगली बोलते. तिला नाही आठवलं तर मग जिंतूरच्या बाजूला तिचं माहेर नेमकं कोणतं, तिथून विचारत जायचं आहे.